हेगेटॉरची शुभदा

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात नवीन बाई राहायला आली की मराठी मंडळाच्या पहिल्याच पॉटलकला, म्हणजे प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, तिला दोन प्रश्न विचारले जातात. "मिस्टर कुठे असतात?" हा पहिला आणि "मग तुम्ही सध्या काय करता?" हा दुसरा. ह्यातला 'सध्या' फार काळजीपूर्वक घातलेला असतो. समोरची एच-फोर व्हिसावर आहे, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमागे आलेली आहे आणि तिला स्वतःला इथे नोकरी करायची परवानगी नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. बायकाही मग तयार उत्तरं देतात. कुणी केक शिकत असते, तर कुणी 'घर लावतेय' म्हणते. असं घर लावणं चार-चार वर्षं चालतं.

शुभदा केळुसकरने दोन हजार दोनच्या संक्रांतीला, हातात तिळाच्या वड्यांचं ताट धरून, ह्या प्रश्नाला उत्तर दिलं, "प्रेताची वाट बघते."

दोघी-तिघींनी उचललेली वडी परत ताटात ठेवली. शुभदाला त्यात काही वावगं वाटलं नसावं. ती शांतपणे म्हणाली, "मी मेडिकल कॉलेजात अ‍ॅनॉटॉमी शिकवायचे. अकरा वर्षं. प्रेत असल्याशिवाय मला काहीच करता येत नाही." शेजारी उभा असलेला तिचा नवरा विनय घाईघाईने हसला आणि म्हणाला, "शुभदा म्हणते की ती सध्या ब्रेकवर आहे."

मी त्या वेळी कॅरीत चांगली मुरलेली होते. रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या एका औषध कंपनीत कागदपत्रं तपासायचं काम करत होते. स्वतःची गाडी होती, स्वतःचं ग्रीन कार्ड होतं, त्यामुळे सगळ्यांना सल्ले द्यायची सवयही लागली होती. मी तिला तिथेच सुनावलं, "अगं, इथल्या परीक्षा दे, रेसिडेन्सी कर, प्रॅक्टिस कर. डॉक्टर आहेस ना?" तिने माझ्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघितलं.

"मीनाताई, हा अंगठा सकाळी आखडतो ना तुमचा?" ती म्हणाली. "मला पेशंट नकोत. जिवंत माणसं फार बोलतात."

अंगठा खरंच आखडत होता. मी त्या दिवशी पुढचा सल्ला गिळला.

शुभदा मूळची मिरजेची. उंचीने बेताची, केस घट्ट बांधलेले, आणि चालताना दोन्ही हात मागे धरायची सवय. वर्गात टेबलांमधून फिरताना ती लागली असावी. तिला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, सांधे राहत. "त्या डाव्या पायावर भार देणाऱ्या बाई आल्या होत्या," असं ती फोनवर सांगायची आणि मला बरोबर कळायचं की देशपांडे वहिनी. तिचा आवाज मात्र खणखणीत होता. शंभर पोरांच्या हॉलसाठी घडलेला तो आवाज आता दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये वावरत होता. वरच्या मजल्यावरचे लोक जमिनीवर पाय आपटायचे. ती तेवढ्यापुरती गप्प बसायची.

गाडी एकच होती आणि ती सकाळी साडेसातला विनयबरोबर जायची. कॅरीत गाडी नसेल तर माणूस सकाळी जिथे असतो तिथेच संध्याकाळी सापडतो. रस्त्याला फूटपाथ नाहीत. तीन मैलांवर पब्लिक लायब्ररी होती. शुभदा तिथे एकदा चालत निघाली, तर पोलिसाने गाडी थांबवून काळजीने विचारलं की बाई, तुम्ही हरवलात का? "मी त्याला म्हटलं, हो," तिने मला सांगितलं. "त्याने बिचाऱ्याने लायब्ररीत सोडलं."

वीज, फोन, बँक, सगळं विनयच्या नावावर. काही बिघडलं म्हणून तिने फोन केला की पलीकडची बाई म्हणायची, खातं ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशीच बोलता येईल. पाच-सहा वेळा असं झाल्यावर शुभदाने आवाज जाड करून "धिस इज विनय" म्हणायला सुरुवात केली. तिला ते इतकं जमलं की एकदा मीच फोन केला तेव्हा सवयीने ती विनय म्हणूनच बोलली. आम्ही दोघी खूप हसलो. हसणं थांबल्यावर ती म्हणाली, "पण मीनाताई, ह्या देशात माझं म्हणणं कुणी ऐकलं असेल तर विनय म्हणूनच ऐकलंय."

विनय वाईट माणूस नव्हता, हे आत्ताच सांगून टाकते. तोही अडकलेलाच होता. कंपनी ग्रीन कार्डचे कागद 'पुढच्या क्वार्टरला' करते म्हणायची आणि नोकरी बदलायची तर सगळं पहिल्यापासून. तो रोज संध्याकाळी घरी येऊन टाय सोडायचा आणि विचारायचा, "आज काय?" ती म्हणायची, "फीमर," म्हणजे मांडीचं हाड. ह्यावर त्यांचा संसार चालला होता.

हॅलोवीनची, म्हणजे इथल्या भुताखेतांच्या सणाची, गोष्ट आमच्या मंडळात अजून निघते. ऑक्टोबरात आमच्या गल्लीतल्या एका अमेरिकन कुटुंबाने अंगणात प्लास्टिकचा सांगाडा उभा केला. शुभदा माझ्याकडे आली होती. खिडकीतून तिने तो पाहिला, आणि मी चहा गाळेपर्यंत बाई गायब. बघते तर शेजाऱ्यांच्या हिरवळीवर मांडी घालून बसलेली, आणि सांगाड्याच्या दोन्ही मांड्या उपसून काढलेल्या. घरमालक दारात येऊन उभा, हातात फावडं. मी चपला न घालताच धावले.

"मॅम?" तो म्हणाला.

"युअर फीमर्स वेअर एक्स्चेंज्ड," शुभदा वर्गातल्या खणखणीत आवाजात म्हणाली. "लेफ्ट वॉज इन राइट. ही वुड नॉट वॉक."

माणूस भला होता. त्याने फावडं ठेवलं आणि पुढची वीस मिनिटं खुब्याच्या सांध्यावर लेक्चर ऐकलं. परत येताना ती इतकी खूश होती की मला तिचा हेवा वाटला. दहा महिन्यांनी तिला विद्यार्थी मिळाला होता.

तेव्हाच मला युक्ती सुचली आणि मी तिला रविवारच्या मराठी शाळेत नेलं. तिथे आमची इथे जन्मलेली मुलं नाइलाजाने 'कमळ, खटारा' गिरवत असतात. शुभदाने पहिल्याच तासाला पाटी बाजूला ठेवून एका मुलाला टेबलावर झोपवलं आणि बाकीच्यांना नावं पाठ करायला लावली. पोटरी, घोटा, लवण, खुबा, माकडहाड. 'माकडहाड'वर वर्ग हसून लोळला. "काकू, डू मंकीज हॅव अ ह्यूमन बोन देन?" एका मुलीने विचारलं. पुढच्या आठवड्यात तीच मुलगी सॉकर खेळताना पडली आणि कोचला म्हणाली, "माय खुबा हर्ट्स." आया तक्रार घेऊन आल्या, मुलं मात्र पहिल्यांदाच वेळेवर आली.

पण आठवड्याला एक तास म्हणजे काही आयुष्य नव्हे. बाकीच्या दिवसांचं काय करायचं, हा प्रश्न तिने ज्या दिशेने सोडवला ती मला सात जन्मांत सुचली नसती.

कवटीच्या मागच्या बाजूला आत एक जागा असते. मेंदूतलं अशुद्ध रक्त वेगवेगळ्या वाटांनी येऊन तिथे एकत्र होतं. त्या जागेला हेरोफिलस नावाच्या ग्रीक डॉक्टरचं नाव आहे. शुभदा वर्गात तिला 'हेरोफिलसचा घाणा' म्हणायची. अकरा वर्षं हे नाव घेतलं, पण हा कोण बाबा, असं तिने कधी विचारलं नव्हतं. वेळ कुठे होता? आता वेळच वेळ होता. पब्लिक लायब्ररीतून तिने पुस्तक आणलं, आणि कळलं की तेवीसशे वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियात ह्या माणसाने प्रेतं उघडून शरीर पाहिलं, पाण्याचं घड्याळ घेऊन नाडी मोजली, पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली, आणि त्यातलं एकही उरलेलं नाही. जे कळतं ते दुसऱ्यांनी उल्लेख केले म्हणून.

"एकही नाही!" ती मला सांगत होती, घरातलं माणूस गेल्यासारखी. "आणि त्याचे विद्यार्थी, त्यांचे विद्यार्थी, त्यांचं तर नावापलीकडे काहीच नाही."

ह्या विद्यार्थ्यांच्या रांगेत तिला हेगेटॉर भेटला. हेरोफिलसच्या परंपरेतला, त्याच्यानंतर शंभर-दोनशे वर्षांनी झालेला. त्याचं सगळं लेखन बुडालं, एक उतारा सोडून. तोही टिकला कसा, तर अपोलोनियस नावाच्या दुसऱ्या डॉक्टरने त्याला खोडून काढण्यासाठी तो आपल्या पुस्तकात घेतला म्हणून. आणि उतारा कशाबद्दल? खुब्याच्या सांध्याबद्दल. मांडीचं हाड खोबणीतून निसटलं आणि आतला बंध तुटला, की हाड परत बसवता येतं पण तिथे टिकत नाही. शरीर उघडून बघितल्याशिवाय ह्याचं कारण कळायचं नाही, असं हेगेटॉरचं म्हणणं. शुभदाला ह्याहून जवळचं कुणी अख्ख्या अमेरिकेत भेटलं नसतं.

"त्याची अवस्था बघा ना मीनाताई," ती म्हणायची. "दुसऱ्याच्या पुस्तकात राहतो. तो बोलू देईल तेवढंच बोलायचं. डिपेंडंट व्हिसावर आहे तो."

त्यानंतर ती ग्रीक शिकली. स्वतःच, पुस्तकावरून. भांडी घासताना नामांची रूपं म्हणायची, शाळेत संस्कृतची 'रामः रामौ रामाः' म्हणतात त्याच चालीत. विनयला ती चाल ऐकून पाठ झाली होती. शनिवारी मी तिला विद्यापीठाच्या लायब्ररीत घेऊन जायची. तिथे बाहेरच्यांना बसून वाचता येत असे. ती कार्डं भरायची. प्रत्येक कार्डावर वर लिहायचं, हे कोण सांगतोय. मध्ये लिहायचं, का सांगतोय, म्हणजे भांडायला, मिरवायला की खरोखर आदराने. आणि खाली लिहायचं, मूळ माणसाचं बोलणं कुठे संपलं असावं. "कारण सांगणारा नेहमी आपलं थोडं घालतो," ती म्हणायची. मी शेजारी मासिकं चाळत बसायची. चार वर्षांत मला एकही ग्रीक अक्षर आलं नाही, पण कोण कोणावर का चिडला होता हे सगळं कळलं.

दोन हजार पाचच्या शेवटी तिला तिचं घबाड सापडलं. बऱ्याच नंतरच्या एका ग्रीक संग्राहकाच्या पुस्तकात, नाव न घेता, 'काही जण म्हणतात' एवढंच म्हणून गुडघ्याचं वर्णन होतं. गुडघ्याच्या आत दोन बंध एकमेकांवरून तिरपे जातात, कोणता पुढून, कोणता मागून, सगळं. दुसऱ्या विद्यापीठातून मागवलेली त्या पानांची झेरॉक्स हातात धरून ती माझ्या ऑफिसात आली. कशी आली ते विचारायचं सुचलं नाही मला.

"हा हेगेटॉर आहे," ती म्हणाली. "हाच. हे बघून लिहिलंय, ऐकून नाही. असाच बोलतो तो. मी ओळखते त्याला."

हे सिद्ध झालं असतं तर बरंच काही हललं असतं. हेरोफिलसच्या पिढीनंतर माणसाचं शरीर उघडून बघणं बंद पडलं, अशी सर्वसाधारण समजूत. हा माणूस गुडघा उघडून बघत होता असं ठरलं तर ती समजूत ढिली झाली असती. तिने पंचवीस पानांचा लेख लिहिला आणि विद्यापीठातल्या एका प्राध्यापक बाईंना पाठवला. बाईंनी तिला भेटायला बोलावलं. दोन तास बसवून घेतलं. आणि म्हणाल्या, अर्ज करा. हा लेख जोडा. मी तुम्हाला पीएचडीला घेईन, असिस्टंटशिप देईन.

असिस्टंटशिप म्हणजे तिचा स्वतःचा व्हिसा. विद्यापीठाचं ओळखपत्र, शिकवायला वर्ग, कागदावर विनयच्या नावाखाली नव्हे तर नुसतं तिचं नाव. मी तिला गाडीतून घरी सोडलं, तेव्हा उतरता उतरता ती म्हणाली, "मीनाताई, मला पुन्हा हजेरी घ्यायला मिळेल." हे म्हणताना तिचा आवाज कापत होता. तो खणखणीत आवाज मी त्याआधी कधी कापताना ऐकला नव्हता.

अर्जाच्या आधी बाईंनी एकच मागितलं. ज्या छापील आवृत्तीतून गुडघ्याचा उतारा घेतला, तिचा पूर्ण तपशील. शुभदाकडे फक्त पाच पानांची झेरॉक्स होती. म्हणून पूर्ण पुस्तक मागवलं, आणि फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही ते बघायला गेलो. जर्मनीत दीडेकशे वर्षांपूर्वी छापलेलं जाडजूड पुस्तक. प्रस्तावना लॅटिनमध्ये. शुभदा विद्यार्थ्यांना नेहमी सांगायची की प्रस्तावना वाचत बसू नका, थेट उघडा आणि बघा. त्यामुळे ती पानं ती नुसती उलटत होती. लॅटिन तिला येत नव्हतं. पण गुडघा आणि लिगामेंट हे शब्द अ‍ॅनॉटॉमीवाल्या माणसाला लॅटिनमध्येच पाठ असतात. ते दोन्ही तिला प्रस्तावनेत एका ओळीत दिसले.

काउंटरवरून तिने डिक्शनरी आणली. अर्धा तास ती त्या एका परिच्छेदावर होती. मग तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं, जसं काही मला ते वाचता येणार होतं.

झालं होतं असं. मूळ हस्तलिखिताच्या त्या पानाला कीड लागली होती. गुडघ्याबद्दलच्या मजकुरात मोठं भोक होतं. संपादकाने तिथे काय असावं ह्याचा अंदाज करून ते स्वतः भरलं होतं, आणि तसं प्रस्तावनेत प्रामाणिकपणे सांगितलं होतं. संपादक पेशाने डॉक्टर होता.

"म्हणून मला ओळखीचा वाटला," शुभदा म्हणाली. "मी जे शिकले तेच तो शिकला होता. मीनाताई, मी ज्याला हेगेटॉर समजले तो कुणीतरी माझ्यासारखाच अ‍ॅनॉटॉमीचा माणूस होता. मी स्वतःलाच ओळखलं."

आता मी काय बोलले ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "प्रस्तावना कोण वाचतं? तू तरी वाचली होतीस का? लेख पाठव, आधी अ‍ॅडमिशन घे, व्हिसा हातात पडू दे, मग कर दुरुस्ती." आवाज खाली ठेवायचंही भान मला राहिलं नाही. संध्याकाळी विनयने हेच जरा मऊ शब्दांत सांगितलं, "एक फुटनोट टाकून दे ना यार शुभदा. 'शक्यता आहे' म्हण. कोण अडवतंय?" आणि मग तो पटकन म्हणाला, "मला तू इथे दिवसभर अशी बसलेली बघवत नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. चार वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी बोलताना ऐकलं.

शुभदाने दोघांचंही ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याचं एवढंसंच उरलंय. आधी शत्रूने हवं तेवढं ठेवलं. त्यात आता मीही माझं घालू?"

"तो मेलाय," मी म्हटलं. "तुझं आयुष्य चाललंय."

"माहितेय," ती म्हणाली. "मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?" आणि ती रडली. मोठ्याने, भरल्या वर्गाच्या आवाजात. वरच्यांनी पाय आपटले. ह्या वेळी ती थांबली नाही.

सोमवारी तिने प्राध्यापक बाईंना सगळं कळवलं. पंचवीस पानांतली सोळा गेली. बाईंचं उत्तर फार चांगलं होतं, आणि चांगल्या उत्तरांमध्ये असतं तसंच त्यात नकार होता. उरलेल्या नऊ पानांवर समितीपुढे नाव ठेवता येणार नाही, पुढच्या वर्षी नवीन काही घेऊन या. पुढच्या वर्षी बाईच दुसऱ्या राज्यात गेल्या. मी कित्येक महिने शुभदावर रागावलेली होते. तिने इतका सोन्यासारखा दरवाजा स्वतःच्या हाताने लावला, ह्याचा मला संताप होता, आणि तो लपवायचा मी प्रयत्नही केला नाही. ती मात्र शनिवारी माझ्या गाडीत बसत राहिली. व्हिसाची सहा वर्षांची मुदत संपत आली तेव्हा कुठे विनयच्या कंपनीने ग्रीन कार्डचे कागद केले, आणि वर्षभरात त्यांचा तो विभागच बंद केला. त्यांनी घर आवरलं आणि विनयला नोकरी मिळाली तिथे, टेक्ससला, प्लेनोला गेले. तिथे कागद पुन्हा पहिल्यापासून.

दोन हजार आठमध्ये मला कामासाठी प्लेनोला जावं लागलं. फोनवर शुभदा पत्ता सांगायच्या आधी ओरडली, "मीनाताई, इथे रेल्वे आहे!" तिच्या अपार्टमेंटपासून चालत दहा मिनिटांवर स्टेशन. तिथून छोटी आगगाडी थेट डॅलसला जाते. विनय सकाळी गाडी घेऊन गेला की ही स्टेशनवर येते, डॅलसच्या मोठ्या लायब्ररीत बसते, आणि संध्याकाळी परत. मी तिला स्टेशनवरच गाठलं, तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते. हात अजून मागेच.

फलाटावर तिने मला पिशवीतून दोन छापील पानं काढून दिली. एका अभ्यासपत्रिकेत तिचं टिपण आलं होतं. अमुक ग्रंथातला गुडघ्याचा उतारा प्राचीन नाही, संपादकाची भर आहे, ह्यापुढे तो पुरावा म्हणून कुणी वापरू नये, एवढाच मजकूर. सहा वर्षांच्या कामातून छापलं गेलं ते हे. त्यात तिने हेगेटॉरला काही मिळवून दिलं नव्हतं, त्याच्या नावावर चढू पाहणारं एक खोटं वाक्य उतरवलं होतं. अंकातल्या बाकीच्या लेखकांच्या नावांखाली विद्यापीठांची नावं होती. 'शुभदा केळुसकर'च्या खाली नुसतं 'प्लेनो, टेक्सस' होतं.

"संपादकांनी विचारलं, संस्था कोणती लिहू?" ती म्हणाली. "मी म्हटलं, गाव लिहा. गावात तरी राहतेच ना मी."

"शुभदा," मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुला जे सांगितलं ते चुकीचं होतं."

"तुम्ही माझ्यासाठी सांगितलंत," ती म्हणाली. "मोह मलाही झाला होता. दोन दिवस झाला होता."

गाडी आली. ती चढली आणि दारातूनच म्हणाली, "तुम्ही निघा आता, ऊन चढेल." दार बंद झालं. डब्यात जागा रिकाम्या होत्या तरी ती उभीच राहिली, दांडीला धरून, पुढे बघत. कुणाला न विचारता, कुणाच्या गाडीची वाट न बघता ती कुठेतरी निघाली होती. असं निघताना मी तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बघत होते, आणि मला माहीत होतं की संध्याकाळी सहाच्या आत ती घरी परत आलेली असेल.